जांभईची परीक्षा

“कुणाचा विश्वास बसायचा नाही,” मनोहरपंतांनी बशीतला चहा फुरकावला, “पण सरकारनं मला जांभया ओळखायचा पगार दिलेला आहे.”

भवानीपूरच्या मराठी मंडळींची रविवारची बैठक होती. बटाटेवडे संपले होते. खुर्च्या पंतांकडे सरकल्या.

“मागे तर वास ओळखायचा म्हणालात!” दत्तात्रय दाबके म्हणाले.

“ते नाकाचं खातं, दाबके. हे डोळ्यांचं.”

पंत अबकारी खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. देशातून अफू हद्दपार करायची, असा दिल्लीहून हुकूम सुटला, तेव्हा ते खिदिरपूरच्या गोदीभागात होते. एकदम तोडली तर जुने अफूबाज मरायचे. म्हणून त्यांना अफूची कार्डं द्यायची आणि वर्षागणिक मात्रा उतरवत न्यायची. खऱ्यालाच कार्ड मिळावं म्हणून अर्जदाराला सकाळपासून दवाखान्यातल्या बाकावर नुसतं बसवून ठेवायचं. समोर डॉक्टर आणि पंत. तलफ चढली की माणूस आपोआप उघडा पडतो.

“नाक गळतं, घाम फुटतो, आणि जांभया तर विचारू नका! एका चिनी सुताराचा जबडा मिटेचना. दोन शिपायांनी दार लोटावं तसा लोटून बंद केला. दुसऱ्या एकाच्या जांभईत खिडकीतलं कबुतर शिरलं. संध्याकाळी बाहेर आलं!”

मंडळी हसून लोटपोट झाली. हसली नाही ती एक शकुन. मंडळाच्या मुलांना मराठी शिकवायला नुकतीच येऊ लागलेली मुलगी. कप हातात तसाच धरून बसली होती. न हसणारा चेहरा दिसला की पंतांना चैन पडत नसे. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

“आणि एके दिवशी आला आपल्यातलाच एक. गोदीतला कारकून. धोतर, कोट, काळी टोपी. नाव नाही घेत. बाकावर बसला आणि लागला की थरथरायला!”

पंत उठले. थरथरून दाखवलं. धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. मग आ वासून भली थोरली जांभई दिली आणि तोंडापुढे चुटक्या वाजवल्या. “टिच्, टिच्! नारायण, नारायण! प्रत्येक जांभईला हेच. अहो, तलफेनं जीव चाललेला माणूस चुटक्या वाजवील? नारायणाचं नाव घेईल? डॉक्टर भोळासांब, सही करायला निघालेला. मी म्हटलं, थांबा साहेब. सोवळ्यातली जांभई आहे ही! यानं उभ्या जन्मात अफू चाखलेली नाही.”

दाबक्यांनी हसता हसता पोट धरलं.

“मग?” शकुननं विचारलं.

पंत खूश झाले. गळाला लागली एकदाची.

“मग काय! माझे पाय धरले त्यानं. म्हणे, माझ्यासाठी नको हो, बायकोसाठी पाहिजे. पोटात गाठ आहे. इस्पितळानं घरी धाडलीय. तिला उठवत नाही, आणि माणूस समोर आणल्याशिवाय तुम्ही कार्ड देत नाही.”

हसू थांबलं. पंत चपापले. आजवर जिथे जिथे ही गोष्ट सांगितली, तिथे या ठिकाणी दुप्पट हशा पिकला होता. टोपी काखेत मारून पळणाऱ्या कारकुनाची नक्कल पुढे तयार होती. पण त्या मुलीची नजर हलेना. तेव्हा पंतांनी उभ्या उभ्या गोष्टीला नवी शेपटी जोडली.

“मी सरकारी माणूस खरा,” त्यांनी आवाज ओला केला, “पण मलाही काळीज आहे. डॉक्टरला म्हटलं, मी काही पाहिलं नाही, तुम्हीही पाहू नका. करा सही. दिलं कार्ड! बाई शेवटपर्यंत लहान मुलासारखी झोपली. गेली तीसुद्धा झोपेतच.”

“पुण्य केलंत, पंत,” दाबक्यांनी डोळे टिपले.

शकुननं कप खाली ठेवला.

“खोटं,” ती म्हणाली. “कार्ड दिलं असतंत, तर आईचं ओरडणं चाळीत ऐकू जाऊ नये म्हणून बाबांना तिच्या तोंडावर उशी दाबावी लागली नसती, काका.”