पुठ्ठ्याचा गॉगल

बर्फावर खेळताना नजर खाली गेली की समोरून धडक बसते, म्हणून माझ्या नवऱ्यानं, आहतीनं, आमच्या लेकीसाठी गॉगलला खालून काळा पुठ्ठा चिकटवला होता. तो घालून हेल्मी रोज गॅरेजमधल्या गुळगुळीत तक्त्यावर हॉकी स्टिकनं लाकडी चेंडू खेळवायची. नोव्हेंबरात रिंकच्या कठड्यावर डोकं आपटल्यापासून ती खाली बघेनाशीच झाली आणि आहतीला वाटलं, पुठ्ठ्यानं काम केलं. घरात ती उंबऱ्याला अडखळायची, तेव्हा "पाय उचलून चाल गं" म्हणून मी ओरडायचे. उद्या राष्ट्रीय संघाची निवड होती. मी वेलचीचे गरम पाव घेऊन गॅरेजमध्ये गेले, तर आहती पाठमोरा बसून तिच्या स्केट्सना दगडानं धार लावत होता. "ऐकतेयस ना? एकदाही निसटला नाही!" तो मला म्हणाला आणि नेमका चेंडू निसटून हेल्मीच्या बुटाशी थांबला. ती वाकली. तिचा हात चेंडूच्या शेजारी, रिकाम्या फरशीवर मिटला. मग पुन्हा मिटला. "सापडेना होय? गॉगल काढ की, वेडाबाई!" आहती न वळताच हसला. गॉगल माझ्या खांद्याशी खिळ्याला लटकत होता. मी तिच्याजवळ उकिडवी बसले. "बाबांना सांगू नकोस ना, आई," ती माझ्या कानाशी कुजबुजली, "उद्याचा दिवस जाऊ दे. फक्त सांग, या दोनांतला खरा चेंडू कुठला?" फरशीवर एकच चेंडू होता. मी तो उचलून खिशात टाकला. "आहती," मी म्हणाले, "धार लावणं थांबव."