अक्षर नसलेली पाटी

तिसऱ्यांदा चित्राचा चिखल झाला, तेव्हा पेंटरकाकांनी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. सगळ्यावर एक हात मारायचा आणि विषय संपवायचा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. अक्षर असं, की रस्त्याच्या पलीकडून कुणीही वाचावं. हात टेकवायची काठी धरली की रेघ केसभर हलायची नाही. पुढे पाट्या मशीनवर छापून यायला लागल्या. काकांनी काम थांबवलं आणि मागच्या खोलीत एक मोठा कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवला. यावर अक्षर नको, माणूस नको, झाड नको. नुसते रंग. सोपं वाटलं होतं.

पहिल्या दिवशीचा पिवळा बघून ते स्वतःवरच खूश झाले. दुसऱ्या दिवशी त्यावर करडा चढला आणि पिवळ्याची रयाच गेली. मग निळा लावला, खरवडला, पुन्हा लावला. एकदा कोपऱ्यात जरा बरं काही उमटलं, तर त्यांना त्यात दवाखान्याचा 'द' दिसायला लागला. तो बुजवताना शेजारचा चांगला भागही हातचा गेला. असा महिना झाला. टर्पेंटाइनच्या वासावरून कुरकुर करायचंही काकूंनी सोडून दिलं होतं.

काकू चहा घेऊन आत आल्या, तोवर चित्राची डावी बाजू पांढरी झाली होती. काका त्यांच्याकडे न बघताच म्हणाले की हे आपलं काम नव्हे. जन्म पाट्यांत गेला, बोटांना तेवढंच कळतं.

"चाळीस वर्षं लोक सांगतील ते लिहिलंत," काकू म्हणाल्या. "आता कुणी काही सांगत नाहीये, म्हणून अडलंय. अडू दे की थोडं."

कप खिडकीत ठेवून त्या निघून गेल्या. काकांना राग आला, आणि ती बरोबर बोलली याचा जास्त आला. त्यांनी फडकं उचललं आणि ओला पांढरा खसाखसा पुसून काढला. सगळा काही निघाला नाही. खरवडलेल्या ओरखड्यांत तो अडकून राहिला, आणि त्यामधून महिन्यापूर्वीचा तो पिवळा, धुरकट काचेपलीकडच्या उन्हासारखा, हळूच वर आला. काका चहा विसरले.

लगेच सगळं जमलं असं नाही. दोनच दिवसांनी निळा पुन्हा जास्त झाला आणि उजवी बाजू मेली. या वेळी मात्र ते डब्याकडे गेले नाहीत. खुर्ची ओढून बसले. चार दिवस नुसते बघत राहिले. जेवायचं, लवंडायचं, बघायचं. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी काठी न घेता, हात हवेत तसाच धरून, वरून खाली एक तांबडी रेघ ओढली. मध्यावर ती थरथरली. काकांनी ती थरथर तशीच राहू दिली, ब्रश धुतला आणि दोन तास गाढ झोपले.

उठून आले तेव्हा शेजारचे शिंपी खोलीत उभे होते. काकू चित्रासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. शिंप्यांनी मान आधी या बाजूला कलती केली, मग त्या.

"वहिनी, हे आहे काय नक्की?"

काकूंनी चित्रावरची नजर काढली नाही.

"घाई आहे का तुम्हाला?"

तशी काही नाही, असं शिंपी म्हणाले.

"मग बसा," काकू म्हणाल्या आणि शेजारची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.