ताईचाच आवाज

कानातल्या गाळणीने मानवजातीला अखेर शांतता मिळवून दिली. जाहिरातवाले गप्प झाले, आणि त्यांच्याबरोबर श्रीरंग राजाध्यक्षही. रोज सकाळी तोच सुविचार ऐकवल्यामुळे कुमुदताईच्या, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीच्या, गाळणीने त्याचा आवाज कचऱ्यात टाकला होता. भाचीच्या लग्नात जेवणाला नावं ठेवल्याची माफी मागायची राहूनच गेली होती.

"एकदा टाकलेला आवाज परत आत जात नाही," गाळणी कंपनीचे पेडणेकर फोनवर म्हणाले. "निरोप ताईंच्याच आवाजात पाठवू. स्वतःचा आवाज अडत नाही. बोला."

"चूक माझीच होती. उगाच भांडण काढलं."

"शेवटी नाव?"

"सख्ख्या बहिणीला नाव काय सांगायचं हो! कळेल तिला."

निरोप कानात पोहोचताच समोर मटार सोलणाऱ्या ताईचे हात थांबले. तिचे डोळे भरून आले. उठून तिने श्रीरंगचा हात धरला.

"आज मनातूनच आलं बघ. चूक माझीच होती रे. उगाच भांडण काढलं."

"अगं, नाही ताई! माझी चूक, माझी!" श्रीरंग ओरडला.

ते गाळणीने अडवलं. पेडणेकरांनी तक्रार मिटल्याची नोंद केली.