पहिल्या अंकातला पाचवा

सरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. तीस वर्षं ते हीच शोकांतिका शिकवत होते. तिच्या पहिल्या अंकात राजा, राणी, राजकन्या आणि प्रधान अशी चारच पात्रं; आणि वर्गातल्या एकूण एक पोरांनी पेपरात पाच लिहिली होती!

“एकाने ठोकून दिलं आणि बाकीच्यांनी छापलं,” सर कडाडले. “कोण हा पाचवा दिवटा?”

“राजकन्येच्या मागे उभा असतो तो, सर,” पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. “काही बोलत नाही.”

“पुस्तकात दाखव!”

“पुस्तकात नाहीये. काल तालमीत पाहिला.”

तालीम सरांनीच घेतली होती. राजकन्येचं काम त्यांची नात करत होती.

“मग मी काय डोळे मिटून बसलो होतो?”

“तुम्हीच शिकवलंत ना, सर,” मागून एकजण चाचरत म्हणाला. “राजकन्या मरते शेवटच्या अंकात, पण मरणाने तिला पहिल्याच अंकात हेरलेलं असतं. आम्हाला वाटलं, तोच तो.”

“अरे गाढवा, ती बोलायची रीत झाली!” सरांनी गठ्ठा टेबलावर आपटला. “शून्य! सगळ्यांना शून्य!”

तेवढ्यात दारात नात आली. “आजोबा, तालमीला चलायचं ना?”

“बस पाच मिनिटं,” सर तिच्यावरही खेकसले.

ती पुढच्या बाकाकडे वळली. बाकावरची पोरं मान खाली घालून, निमूट सरकत सरकत पार भिंतीला टेकली आणि त्यांनी जागा करून दिली.

दोन माणसांपुरती.