पहिल्या कड्यावर

"नाही," नेड्रा म्हणाली.

थेनची पाठ घळीकडे होती. दोर बांधून झाला होता, कमरेच्या पट्ट्याला अडकवून झाला होता. टाचा काठावर होत्या. मागे रेलायचं आणि तांबड्या खडकावरून पाय टेकत खाली जायचं, एवढंच उरलं होतं. नेड्राने दोन्ही मुठींत त्याचं जाकीट धरलं आणि त्याला आत ओढलं. मग तिने मानेनेच पश्चिमेकडे खूण केली.

पठारावर ढगांची फळी उभी होती. होती लांब, पण या मुलखात लांबचे ढगच घात करतात. पाऊस तिकडे पडतो आणि लोंढा इकडे येतो, डोक्यावर लख्ख ऊन असताना. खाली घळ इतकी अरुंद की धड हात पसरता येत नाहीत, पळायचं तर दूरच. थेनला हे सगळं तिच्याआधीपासून ठाऊक होतं. पण हे ढग फुसके आहेत, हेही त्याला दिसत होतं.

तरी वाद घालायची सोय नव्हती. घळीत उतरणाऱ्यांची एक रीत आहे. पहिला कडा उतरून दोर खाली ओढून घेतला की परतीची वाट संपते. मग पुढचे सगळे कडे उतरूनच बाहेर पडावं लागतं. म्हणून पहिल्या कड्यावर कुणीही एकाने नाही म्हटलं, की सगळ्यांनी मागे फिरायचं आणि कारण विचारायचं नाही. कारण विचारायला लागलं की माणसं लाजेकाजेने गप्प बसतात, आणि पुढे त्यांनाच शोधायला जावं लागतं. गावातल्या कितीतरी जणांना ही रीत थेननेच शिकवली होती. आता बायकोपुढे तीच मोडायची कशी?

त्याने पट्ट्यातून दोर सोडवला. रीत पाळली, पण तोंड बंद ठेवायची रीत काही नव्हती.

"जन्म गेला माझा या घळींत. तुला ढग आजच दिसले?"

"आज दिसले," नेड्रा म्हणाली.

तो एका खडकावर बसला. पट्टा काही त्याने काढला नाही. ढग पांगले की उतरणार, असं त्याने जाहीर करून टाकलं. नेड्रा त्याच्या आणि काठाच्या मधे बसली. तो उठला की तीही उठायची. एकदा तो दोराची गाठ बघायला म्हणून ज्युनिपरच्या खोडापाशी गेला, तर बाई मागोमाग हजर. घाबरट झालीस, म्हातारी झालीस, पुढच्या खेपेला विणकाम घेऊन ये, असं तो बरंच काही बोलला. एरवी एकाला दोन ऐकवणारी नेड्रा आज सगळं गिळत होती. तिचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. ढगांना एवढं घाबरणारी बाई ही नव्हे, हे त्याला कळायला हवं होतं. पण रागावलेल्या माणसाला काय कळतं?

दुपार कलली तसे ढग विरले. थेंबही पडला नाही. खाली घळीतली वाळू कोरडीच राहिली. आता सुरुवात करायला मात्र उशीर झाला होता.

"वा, बाईसाहेब," थेन म्हणाला. "भिजलो की हो आपण."

नेड्राने दोर गुंडाळला.

मुक्कामावर तिने जाळ केला आणि बिडाच्या भांड्यात बटाटे टाकले. थेन पिकअपच्या मागे पट्टा काढायला गेला. तिथूनही त्याची तोफ चालूच होती. उद्या कोण काय म्हणतं ते बघतोच, असं काहीतरी तो म्हणत होता. त्याने बकलाला हात लावला. बक्कल उघडावंच लागलं नाही. पट्टा सुळकन निसटला आणि त्याच्या पायांत पडला.

पट्ट्याचं टोक बकलातून एकदा ओवलं, की परत उलटं ओवावं लागतं. नाहीतर तो नुसता दिसायला घट्ट बसतो आणि अंगाचा भार पडला की सुटतो. हे न करणाऱ्या कितीजणांना थेनने चारचौघांत झाडलं होतं. आज सकाळी त्याने स्वतःच ते केलं नव्हतं.

त्याचं बोलणं वाक्याच्या मधेच थांबलं. तो चाकाला टेकून खाली बसला. वसंतात तो हात-ब्रेक लावायला विसरला आणि हीच पिकअप उतारावरून घरंगळली होती. नंतर एकदा त्याच्याच हातून शेगडीचा गॅस चालू राहिला होता. दोन्ही वेळा दोघं हसली होती.

नेड्राला ते काठावरच दिसलं होतं, म्हणून तिने पट्ट्याला हात लावला नव्हता, जाकीट धरलं होतं. पट्टा नीट कर, एवढंच ती म्हणाली असती तर त्याने हसून तो नीट केला असता आणि तो उतरला असता. मग दोर ओढला असता. पुढे सात कडे होते, आणि प्रत्येक कड्यावर तोच आधी उतरणार होता. तिथे तो पुन्हा काही विसरला असता तर?

आणि दिवसभर तो तिला घाबरट म्हणत होता. त्याला लाज वाटली. लाजेहून जास्त भीती वाटली.

जेवताना तो बटाटे छान झालेत, एवढंच म्हणाला. नेड्राने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि त्याला आणखी वाढलं.

सकाळी आभाळ निरभ्र होतं. थेन कोकोचा मग घेऊन उभा होता. नेड्रा तयार होऊन आली. दोर तिच्या खांद्यावर होता आणि हातात त्याचा पट्टा होता. तो आज ती स्वतः त्याच्या कमरेला बांधणार, हे त्याने ओळखलं. पुढेही प्रत्येक कड्यावर तीच तो तपासणार होती, आणि त्याला कळणार नाही अशा बेताने.

"आज कुठे ढग नाहीत," ती म्हणाली. "निघायचं, म्हाताऱ्या?"

थेनने घळीकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला.

नेड्राने खांद्यावरचा दोर खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले, पण तिने कारण विचारलं नाही.