अंगठ्याची दोरी

तलवाड्याच्या सरकारी मुसाफिरखान्याची डागडुजी चालली होती. धोंडीराम गवंडी भिंतींना गिलावा करायचा आणि त्याची बायको शिवकन्या ओट्यावर बसून पाट्यावर चुना वाटायची. तान्ह्या लेकीची झोळी आतल्या खोलीत, सावलीला. झोळीची दोरी दारातून बाहेर आणून शिवकन्येनं पायाच्या अंगठ्याला बांधलेली. हात चुन्यात, जीव लेकीत.

त्या दिवशी तिनं पाय हलवायच्या आधीच दोरी ओढली गेली. सैल झाली, पुन्हा ओढली गेली. धनीच झोका देतोय, असं तिला वाटलं. दुपारपर्यंत लेक रडली नाही. चुनाही रोजच्यापेक्षा जास्त वाटून झाला.

धोंडीराम भाकरीला आला तेव्हा ती हसून म्हणाली, "आज लई माया आलीया लेकीची."

"मला? मी सकाळधरनं मागच्या भिंतीवर हाय की गं!"

शिवकन्या दोरीसकट आत धावली. लेक झोळीत खुदखुदत होती. तिला उचलून ती ओट्यावर आली, पदराखाली घेतलं, आणि अंगठ्याची गाठ सोडायला वाकली.

दोरी ताणली गेली.

तिनं दारातून पाहिलं. झोळी रिकामी होती, तरी वजनानं खाली झुकली होती. आत तान्हं निजावं तशी.

"सोड ती दोरी!" धोंडीराम ओरडला.

दोरी पुन्हा ओढली गेली. अगदी हळू, मागितल्यासारखी.

शिवकन्येच्या दुसऱ्या थानालाही पान्हा फुटला. तिनं डोळे मिटले आणि पाय हलवला.