गुडघ्याखाली चार बोटं

शाळेच्या नवीन वर्षाच्या पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी नववीतल्या एका मुलीला फाटकातच अडवलं. गुडघ्याला फुटपट्टी लावली आणि सगळ्यांदेखत तिच्या आईला सुनावलं, "स्कर्ट गुडघ्याखाली चार बोटं हवा. घरी कोणी बघत नाही का?"

"सुट्टीत पोरगी वाढली, बाई. तिला काय बांधून ठेवू?" आई फणकारली. तिनं तिथेच खाली बसून दातांनी टाका तोडला आणि गेल्या वर्षीच्या त्या स्कर्टची दुमड उसवली. लांबी पुरली, पण दुमडीतलं कापड विटलेलं नव्हतं. खाली गडद पट्टा दिसू लागला.

"दोन रंग चालणार नाहीत," बाई म्हणाल्या. "नियम वाचता येत नसतील, तर कोणाकडून तरी वाचून घ्या."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलीला घेऊन ती तडक घरी आली, नियमांची अकराच्या अकरा पानं तिनं दोनदा वाचली आणि शिलाई मशीनवर बसली.



दुसऱ्या दिवशी पोरगी गणवेशाच्याच कापडाची फुलपॅन्ट घालून बाईंच्या नाकासमोरून आत गेली. मुलींनी पॅन्ट घालू नये, हे लिहून ठेवायचं बाईंना सुचलंच नव्हतं.